टंचाई ऐकू येते, खासगीकरण ऐकू येतं का? (पाण्यावरच्या ध्वनिकलेबद्दल)

कानोसा

पाण्यावरच्या ध्वनिकलेच्या, म्हणजे आवाज हेच माध्यम असलेल्या कलेच्या, लिंका इथे अधूनमधून येतात. खाली ‘वा, मन शांत झालं’ असे चार प्रतिसाद पडतात आणि धागा तळाला जातो. मला ते शांत होणंच खटकतं. पाण्यावरून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, करार मोडले, आणि आपण हेडफोन लावून ओढ्याची खळखळ ऐकत बसलोय. टंचाई आणि खासगीकरण या दोन गोष्टींना ध्वनिकला खरोखर भिडली आहे का, आणि भिडली असेल तर कुठे जमलंय, यावर बोलायला हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. टंचाई ऐकवता येते. खासगीकरण ऐकवणं महाकठीण, कारण ते कागदावर घडतं.

टंचाईचं सगळ्यात सरळ उदाहरण निसर्गाचे आवाज टिपणाऱ्या बर्नी क्राउझचं. कॅलिफोर्नियातल्या शुगरलोफ रिज उद्यानात तो एकाच जागी, दर वसंतात जाऊन ध्वनिमुद्रण करत राहिला. २००४ च्या मुद्रणात पक्ष्यांची गर्दी आहे आणि मागे ओढा वाहतोय. २०१५ मध्ये दुष्काळ ऐन भरात होता. त्या मुद्रणात ओढा नाही, पक्षी जवळजवळ नाहीत. जागा तीच, ऋतू तोच. दोन्ही फिती लागोपाठ लावल्या की कुणी काही समजावून सांगायला लागत नाही.

दुसरं ध्वनिकलाकार पीटर कुसॅकचं. तो स्वतःच्या कामाला ‘ध्वनी-पत्रकारिता’ म्हणतो. मध्य आशियातल्या अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि समुद्र आटला. २००५ मध्ये कोकअरल धरण झाल्यावर उत्तरेकडच्या तुकड्यात पाणी परत वाढलं. कुसॅकने त्या भागात जाऊन मुद्रण केलं. इथे निसर्गाच्या आवाजासोबत धोरणाचे परिणामही ऐकायला मिळतात.

आता खासगीकरण. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ मध्ये बेक्टेल या अमेरिकी कंपनीचा हात असलेल्या गटाकडे गेला, दर भडकले, लोक रस्त्यावर आले, आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. कंपनीने नुकसानभरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा लावला, तो २००६ मध्ये मिटला, तो नाममात्र २ बोलिव्हियानोंवर. या सगळ्यात आवाज कुठला? रस्त्यावरचा. पण तो विरोधाचा आवाज आहे, खासगीकरणाचा नाही. कराराचा आवाज काय, तर सही करताना पेन कुरकुरतं तेवढा.

आणि डिसेंबर २०२० पासून तर शिकागोच्या बाजारात कॅलिफोर्नियाच्या पाण्याच्या दरावर वायदे सुरू झाले. एक थेंब जागचा न हलता पाण्याचा व्यवहार पूर्ण. तिथे माइक कुठे लावणार?

---

शुद्ध_कल्याण

विषय उत्तम. पण शांत वाटण्यावर एवढा राग कशाला? ॲनिया लॉकवुड ही संगीतकार १९६० च्या दशकापासून नद्या मुद्रित करतेय. हडसन नदीचा ध्वनी-नकाशा १९८२ चा, त्यानंतर डॅन्यूबचा. डॅन्यूबचं मुद्रण २००१ ते २००४ चाललं, उगमापासून काळ्या समुद्रापर्यंत. त्यात नुसतं पाणी नाही, काठावरची माणसं आपापल्या भाषेत नदीबद्दल बोलतात. तिच्या कामात घोषणा नाही, पण नदी सलग ऐकल्यावर तिचे तुकडे पाडून विकण्याची कल्पनाच विचित्र वाटायला लागते. हे मला घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

---

उंटावरचा_शहाणा

सगळं ठीक आहे हो, पण याने नळाला पाणी येतं का?

---

कानोसा

@उंटावरचा_शहाणा, नाही येत. भाषणांनीही येत नाही, तरी आपण ऐकतो की.

@शुद्ध_कल्याण, डॅन्यूबचं काम मलाही आवडतं. आक्षेप तिच्यावर नाही, तिची नक्कल करणाऱ्यांवर आहे. तिने माणसं ठेवली, नकलाकारांनी माणसं काढून टाकली आणि नुसता झुळझुळाट उरवला. भरलेली नदी ऐकवून टंचाईबद्दल बोलणं मला पटत नाही.

---

गळतीशोधक

पहिल्यांदाच या विभागात लिहितोय. कलेतलं कळत नाही, पण पाणी ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून थोडं तांत्रिक.

आपण ज्याला पाण्याचा आवाज म्हणतो तो बहुतेक वेळा पाण्याचा नसतोच. तो अडकलेल्या हवेचा असतो. बुडबुडा आकसतो-फुगतो, त्याचा स्वर. मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, आणि बुडबुडा मोठा तसा स्वर खाली. नळाच्या ‘टपक’ आवाजाचा उलगडा तर २०१८ मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी वेगवान कॅमेरा लावून केला. थेंब आदळण्याचा आवाज जवळजवळ नसतोच. थेंबाने पाण्यात खळगा पडतो, त्याच्या तळाशी बुडबुडा अडकतो, तो कंप पावतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलवतो. ते आपण ऐकतो.

यातून एक गंमत निघते. पूर्ण भरलेली, चोवीस तास दाब असलेली जलवाहिनी जवळपास मुकी असते. पाणी कमी असतं, पुरवठा ठरावीक वेळीच होतो, तिथे वाहिनी बोलते. पाणी सुटायच्या आधी वाहिनीतली हवा पुढे ढकलली जाते, नळ फुसफुसतो, खोकतो, मग गढूळ पाणी, मग धार. टंचाईचा आवाज शांतता नाही. टंचाईचा आवाज हवा आहे.

आणि ती हवा मीटरमधून जाताना मीटरची चकतीही फिरवते. अनियमित पुरवठ्याच्या ठिकाणी ही जुनी आणि खरी तक्रार आहे. माणूस हवेचे पैसे भरतो.

---

मृद्गंधा

@गळतीशोधक, शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. यावर कुणी काम केलं पाहिजे.

मी दुसऱ्या टोकाकडून येते. टंचाईवर भाष्य करताना कलाकृती स्वतः किती पाणी पिते? कलादालनात कारंजी आणि कृत्रिम धबधबे लावून ‘पाणी वाचवा’ सांगणारं काम पाहिलं की चिडचिड होते. उलट जपानमधलं सुइकिंकुत्सु बघा. एदो काळापासूनची बागेतली रचना. तळाला भोक असलेला रांजण पालथा करून जमिनीत पुरायचा, हात धुतलेलं पाणी त्यावरून झिरपतं, आत थेंब पडतो आणि पोकळीत घंटेसारखा घुमतो. पाणी वाया गेलेलंच, तेही थेंबभर. अमेरिकी कलाकार जॉर्ज ब्रेख्तची १९५९ ची ‘ड्रिप म्युझिक’ तर त्याहून काटकसरी. ठिबकणारं पाणी आणि त्याखाली रिकामं भांडं, एवढीच सूचना. मॅक्स नॉयहाउसने मात्र १९७१ ते ७४ मध्ये पोहण्याच्या तलावात पाण्यावर चालणाऱ्या शिट्ट्या लावल्या, ऐकायचं तर डोकं पाण्याखाली घालावं लागे. ते काम मला प्रिय आहे, पण आज कुणी कोरड्या शहरात तसं करायला गेलं तर लोक दगड मारतील.

टोमोको सोवाज ही पॅरिसला राहणारी जपानी कलाकार. तिने जलतरंग ऐकलं आणि त्यातून स्वतःचं वाद्य उभं केलं: चिनी मातीचे पाण्याने भरलेले वाडगे, आत हायड्रोफोन (पाण्याखाली चालणारा माइक), वरून थेंब. वाडगाभर पाण्यात अख्खी मैफल. तिचं काम राजकीय नाही, पण काटकसर तिच्या हातात मुरलेली आहे.

आणि स्कॉटिश कलाकार केटी पॅटरसन. तिने आइसलँडच्या तीन हिमनद्यांचं पाणी गोठवून त्याच्याच तबकड्या बनवल्या, त्यांवर त्याच हिमनद्यांचे आवाज कोरले आणि वितळेपर्यंत वाजवल्या. जवळपास दोन तासांत संपलं सगळं. त्याच सुमारास, २००७-०८ मध्ये, तिने वाटनायोकुल हिमनदीच्या तळ्यात हायड्रोफोन सोडून तो फोनला जोडला होता. नंबर फिरवला की पलीकडे हिमनदी वितळताना ऐकू यायची, थेट.

---

शुद्ध_कल्याण

फोनवाली कल्पना जबरदस्त आहे. मुद्रण ऐकताना आपण जे होऊन गेलंय ते ऐकतो. फोनवर आत्ता चाललेलं ऐकतो, आणि फोन ठेवायचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

---

उंटावरचा_शहाणा

मघाशी चेष्टेने विचारलं होतं, आता गंभीरपणे विचारतो. केपटाउनमध्ये २०१७-१८ चा दुष्काळ आठवतोय का? फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या एका वित्तसंस्थेने तिथल्या लोकप्रिय गायकांकडून त्यांचीच गाणी दोन मिनिटांत कापून घेतली. गाणं संपलं की शॉवर बंद. टंचाईवरची ध्वनिकृती म्हणून याच्याइतकी घरोघरी ऐकली गेलेली दुसरी दाखवा. कुठल्याही दालनात हे झालेलं नाही. मग खरी ध्वनिकला कुठली?

---

कानोसा

उंटावरून खाली उतरलात, आनंद आहे. मुद्दा चांगला आहे आणि त्यातच माझी तक्रारही आहे. ते गाणं फक्त नळाखाली उभ्या असलेल्या माणसाशी बोलतं. वाहिनीच्या वरच्या टोकाला कोण आहे, कुणाला किती मिळतं, कुणाकडे स्वतःची विहीर आणि पोहण्याचा तलाव आहे, यावर चकार शब्द नाही. उपयोगी आहे, नाकारत नाही. पण सगळा भार दोन मिनिटांच्या आंघोळीवर टाकून मोकळं होता येतं.

@गळतीशोधक यांच्या हवेच्या मुद्द्यावरून मला मीटर सुचला. माझ्या प्रश्नाला कदाचित तेच उत्तर आहे. करार ऐकू येत नाही, पण मीटर टिकटिकतो. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत, फिरी भागात, प्रीपेड मीटर बसवले होते. कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर मोफत, पुढचं पाणी आधी पैसे भरून. पैसे संपले की मीटर आपोआप बंद. घरात माणसं जास्त असली की मोफतचं पाणी महिना उलटायच्या आत संपायचं. लोक न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयात हरले.

तो बंद होण्याचा क्षण विचारात घ्या. पाणी तोडायला माणूस येत नाही, वाद होत नाही, दारावर थाप पडत नाही. झडप मिटते आणि झालं. ज्याच्याशी भांडायचं तो आवाजच काढून टाकलाय. मला कुणी ध्वनिकृती करायला सांगितली तर मी ती झडप ऐकवेन.

---

कलमकसाई

दुरुस्ती सुचवतो. जोहान्सबर्गची पाणी कंपनी महापालिकेच्याच मालकीची आहे. म्हणजे ते खासगीकरण नव्हे, तर सरकारी मालकीत राहून कंपनीसारखं वागणं. फरक बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे, कारण ‘सरकारी म्हणजे चांगलं’ असं सोपं समीकरण त्यातून कोसळतं.

पाण्याच्या मालकीचे प्रकार तरी किती! इंग्लंड-वेल्समध्ये १९८९ ला वाहिन्यांसकट सगळी यंत्रणाच विकली. चिलीत १९८१ च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून खरेदी-विक्रीला मोकळा केला, त्यात २०२२ मध्ये मोठी सुधारणा झाली. छत्तीसगडमध्ये शिवनाथ नदीचा २३ किलोमीटरच्या आसपासचा पट्टा १९९८ च्या कराराने खासगी कंपनीच्या हाती गेला. आणि उलटे प्रवासही आहेत: पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा परत आपल्या हाती घेतला, बर्लिनने २०१३ मध्ये. उरुग्वेने तर २००४ मध्ये जनमत घेऊन पाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव २८ जुलै २०१० ला केला. तो मांडला बोलिव्हियाने, १२२ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ४१ देश तटस्थ. तटस्थ राहण्याचा आवाज कुणाला मुद्रित करायचा असेल तर तो तिथे होता.

ध्वनिकलेसाठी उपयोगाची गोष्ट आता सांगतो. इंग्लंडमध्ये प्रश्न आला की खासगी पाणी कंपन्यांनी पर्यावरणविषयक माहिती लोकांना द्यायची का. कंपन्या म्हणत होत्या, आम्ही खासगी. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने ठरवलं की द्यावी लागेल. आता तिथे सांडपाणी नदीत किंवा समुद्रात किती वेळ सोडलं याची नोंद उघड होते. २०२३ चा इंग्लंडचा आकडा ४,६४,०५६ वेळा, एकूण ३६ लाख तास. हे ऐकवा की कुणीतरी.

---

शुद्ध_कल्याण

आकड्यांना स्वर लावण्याचा हा प्रकार मला मुळातच पटत नाही. दर वाढला की स्वर वर, पाऊस कमी झाला की स्वर खाली. का? उलट का नाही? कलाकाराने मनाला येईल तशी जोडणी केलेली असते आणि ऐकणाऱ्याला शेजारचा फलक वाचल्याशिवाय काही कळत नाही. आलेख काढा, जास्त प्रामाणिक आहे. तानपुऱ्यावर बाजारभाव वाजवून करुण रस येत नसतो.

---

कानोसा

एरवी सहमत. पण कलमकसाईंनी दिलेला आकडा तासांचा आहे, आणि तिथे गोष्ट बदलते. दराचं स्वराशी काही नातं नाही, पण वेळ तर आवाजाच्या अंगातच असतो. सांडपाणी ११ तास सोडलं असेल तर ११ तास आवाज. जोडणी शोधून काढावी लागत नाही. नळीच्या तोंडाशी केलेलं मुद्रण घ्यायचं, नोंदीइतकंच लांब वाजवायचं, ना कमी ना जास्त. ३६ लाख तास सलग ऐकायचे तर चारशे वर्षांहून अधिक लागतील. आलेखावर तो एक उंच खांब दिसतो, नजर पुढे जाते. इथे पुढे जाताच येत नाही. एका वर्षात सोडलेलं पाणी ऐकायला माणसाच्या पाच-सहा पिढ्या पुरणार नाहीत.

---

शुद्ध_कल्याण

हे मान्य. हरकत एवढीच की दालनवाले दहा मिनिटांची ‘निवडक आवृत्ती’ मागतील.

---

मृद्गंधा

मागतीलच! आणि प्रायोजक एखादी पाणी कंपनी असेल.

अवांतर नाही, म्हणून लिहिते. आवाज न करण्याचा जो विषय निघाला त्यावर रेवन चॅकोनचं ‘सायलेंट क्वायर’ ऐका. तो दिने, म्हणजे नवाहो समाजातला संगीतकार. २०२२ चं संगीताचं पुलित्झर त्याला मिळालं, मूळ अमेरिकी समाजातून ते मिळवणारा तो पहिला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक या मूळ रहिवाशांच्या भागात मिसुरी नदीखालून तेलवाहिनी नेण्याविरुद्ध आंदोलन चाललं होतं, ‘पाणी हेच जीवन’ म्हणत. नोव्हेंबरमध्ये एका गोठवणाऱ्या रात्री पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे मारले. कानठळ्या बसवणारी ध्वनियंत्रंही तिथे वापरली गेली. म्हणजे पाणी हत्यार, आवाजही हत्यार. त्यानंतर काही दिवसांत, स्त्रियांच्या पुढाकाराने शेकडो लोक पोलिसांसमोर जाऊन नुसते उभे राहिले, एक शब्द न बोलता. चॅकोनने ते मुद्रित केलं. ऐकताना काय येतं? कपड्यांची सळसळ, पावलं, खोकला, दूरचं यंत्र. शेकडो माणसं गप्प असतात तेव्हा ती गर्दी ऐकू येते.

कानोसाताई, तुम्ही वर म्हणालात की रस्त्यावरचा आवाज विरोधाचा, खासगीकरणाचा नाही. इथे दोन्ही बाजू एकाच फितीत आहेत असं मला वाटतं. एक बाजू गप्प राहून, दुसरी यंत्र चालू ठेवून.

---

गळतीशोधक

मृद्गंधाताईंनी सांगितलेलं ऐकलं. सांगायला शब्द नाहीत, म्हणून माझ्या धंद्यातलंच सांगतो. आम्ही गळती रात्री शोधतो. रहदारी कमी, नळ बंद, म्हणून वाहिनीत दाब जास्त आणि गळतीचा आवाजही मोठा. सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. आता यंत्रंही आहेत: दोन व्हॉल्व्हवर दोन संवेदक लावायचे, आवाज दोन्हीकडे किती अंतराने पोचतो ते मोजायचं, वाहिनीतला ध्वनीचा वेग माहीत असला की गळती नेमकी कुठे ते कळतं. गप्प वेळीच ऐकू येतं, हे आम्हाला रोजचं आहे.

मघाशी टंचाईचा आवाज हवेचा म्हटलं होतं. ते झाडांनाही लागू आहे. पाणी कमी पडलं की झाडाच्या नलिकांमधली पाण्याची सलग तार तुटते, तिथे बुडबुडा होतो आणि ‘टिक’ होतं. माणसाच्या कानापलीकडचा, अतिध्वनीतला आवाज. यावर कुणी कलाकाराने काही केलंय का?

---

कानोसा

केलंय. मार्कुस मेडर, स्वित्झर्लंडचा. तिथल्या व्हॅले या कोरड्या भागातल्या एका पाइन झाडाला त्याने आणि वनशास्त्रज्ञ रोमान त्स्वायफेलने संवेदक लावले आणि ते आवाज माणसाला ऐकू येतील इतके खाली आणले. बुडबुड्यांवरून तुम्ही इथवर पोचलात याचं कौतुक वाटतं.

---

उंटावरचा_शहाणा

चिलीचं नाव निघालंच आहे तर एक भर. तिथल्या पाणी-हक्कवाल्यांची घोषणा आहे: हा दुष्काळ नाही, ही लूट आहे. आणि तिथली आंदोलनाची रीत म्हणजे रिकामी भांडी बडवणं, २०१९ मध्येही रस्तोरस्ती तेच चाललं होतं. घोषणेत तुमचा सगळा धागा आला, टंचाई आणि खासगीकरण दोन्ही. भांडं रिकामं असलं की जास्त वाजतं, यात ध्वनिशास्त्रही आलं. दालन नको, प्रायोजक नको, हायड्रोफोन नको.

---

कानोसा

हे माझ्या विरोधात लिहिलंय की बाजूने, कळलं नाही, पण घेतलं. एक फरक मात्र ठेवते. भांडी बडवणाऱ्याला ऐकवायचं असतं, ऐकायचं नसतं. गळतीशोधक ज्या तऱ्हेने वाहिनी ऐकतात तसं ऐकणारी ध्वनिकला मला हवी आहे: कुठे गळतंय, कुणाच्या हद्दीत, किती दिवसांपासून. नद्या पुष्कळ झाल्या. पंपघर, मीटर, व्हॉल्व्ह, टाकी भरल्यावर बंद होणारा तरंगता गोळा, हे कुणी ऐकवत नाही, आणि पाणी कुणाचं हे ठरतं ते तिथेच.

@गळतीशोधक, साधा कॉन्टॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिची कंपनं टिपणारा) वाहिनीला चिकटवला तर काही हाती लागेल का? की तुमची महागडी यंत्रंच हवीत?

---

गळतीशोधक

लागेल. यंत्राची गरज जागा नेमकी काढायला असते, ऐकायला नाही. फक्त वाहिनी कसली आहे ते आधी बघा. लोखंडी असेल तर आवाज लांबून येतो. प्लास्टिकची असेल तर थोड्या अंतरातच विरतो, वरचे स्वर तर आधी जातात, उरते ती खालची घरघर. जुन्या लोखंडी वाहिन्या बदलून सगळीकडे प्लास्टिक येतंय, त्यामुळे ऐकणं अवघड होत चाललंय. प्लास्टिकची असली तर वाहिनीवर लावू नका, मीटरजवळच्या धातूच्या जोडावर किंवा व्हॉल्व्हवर लावा. माइक घट्ट दाबून बसवा, मध्ये हवेची फट राहिली तर काही येणार नाही. रात्री दोन ते चार ही वेळ सगळ्यात चांगली. आणि पुरवठा सुटायच्या थोडं आधीपासून मुद्रण चालू ठेवा, पाण्याच्या पुढे धावणारी हवा तेव्हाच सापडते. मीटरही कॅमेऱ्याच्या चौकटीत घ्या, चकती फिरताना दिसली पाहिजे.